जावयाचा घोट

सासुरवाडीत जावयाने जेवावं जास्त आणि बोलावं कमी. मनीषने नेमकं उलटं केलं होतं, आणि आता भाऊबीजेच्या दुपारी, मुळशीतल्या सासऱ्यांच्या पडवीत हातात वाईनचा ग्लास धरून तो त्याची फळं भोगत होता. पडवीत खुर्ची एकच, ती जावयाला. बाकी सगळे सतरंजीवर बसून त्याच्या तोंडाकडे बघत होते.

मनीष मूळचा जालन्याचा, नोकरी हिंजवडीत, घर सूसला. बायको किमया इथली, मुळशीची. काही दिवाळ्यांपूर्वी तो सासुरवाडीला एक बाटली घेऊन आला होता, थंड मुलखातल्या सिरा द्राक्षाच्या वाईनची. ती त्याला खरंच आवडायची, त्यात ढोंग नव्हतं. उन्हातली सिरा जाड आणि गोडसर लागते. थंडीतली अंगाने हलकी, आंबटसर, आणि घोट गिळला की मागाहून ताज्या कुटलेल्या मिऱ्याचा वास येतो. जरासा धूर, जरासं चामडं. हे सगळं त्याने मेव्हण्याला, जयसिंगला, रंगवून रंगवून सांगितलं. सांगता सांगता समोर पाहिलं तर धरणावर धुकं उतरलेलं, अंगावर सासूबाईंनी दिलेली शाल. तेव्हा तो म्हणून गेला, "अशाच हवेत होते ही. तुमच्या या उतारावरसुद्धा येईल."

गृहस्थ सासुरवाडीला यायचा तो फक्त दिवाळीला. आषाढातली मुळशी, जिथे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही आणि चुलीवर टांगलेले कपडेही वाळत नाहीत, ती त्याने कधी पाहिलीच नव्हती. जयसिंगने जन्मापासून पाहिली होती. पण दाजी शिकलेले, चार देशांचं पाणी प्यालेले. त्याने वरच्या उतारावर वेली लावल्या.

पावसाने त्या वेलींचं जे करायचं ते केलं. करपा आला, भुरी आली. जयसिंग पाठीवर पंप अडकवून भर पावसात फवारत राहिला, हाताची सालं निघाली तरी थांबला नाही. यंदा कशीबशी पाटी-दोन पाटी द्राक्षं लागली, ती त्याने मोबाईलवर बघून बघून निळ्या ड्रमात आंबवली. आणि आता त्याचं म्हणणं, उतारावर पावसानं मारलं तर खालच्या खाचरात लावू, वर प्लास्टिकचं छप्पर घालू. खालचं खाचर म्हणजे घराचं उरलेलं एकमेव भाताचं रान. बाकीची जमीन कधीच रिसॉर्टवाल्यांना गेली होती. घरचा आंबेमोहोर तिथेच व्हायचा. आत्ताही कापणीला आलेलं ते पिवळं रान पडवीतून दिसत होतं, आणि वारा आला की त्याचा वास घरात शिरत होता. त्या खाचरापायी बापलेकाचं बोलणं बंद झालं होतं. शेवटी सासरे, गेणबा, म्हणाले होते, "पाव्हण्यास्नी चाखू दे. त्यांनी चांगली म्हटली तर मोड खाचराचं बांध."

म्हणून आज ही पंगत. मनीषने ग्लास नाकाशी नेला. वाईन साफ आंबून गेली होती. चायनीजच्या गाडीवर बाटलीत असतं ते व्हिनेगर, वर ड्रमचा वास. हे ओळखायला कुणी जाणकार लागत नव्हता. त्याने जीव मुठीत धरून एक घोट घेतला आणि कसाबसा गिळला.

"जरा चामड्यासारखा वास येतोय," तो जपून म्हणाला.

जयसिंगचा चेहरा उजळला. "चामडं आलं का? तवा तुमी ह्येच म्हणला व्हता, दाजी."

"आणि धूर. जळका धूर."

"व्हय, धूर पायजेच."

"आंबट फार आहे रे."

"थंड हवेची हाय नव्हं. आंबट असतीया, तुमीच सांगितलं की."

जे जे वाईट म्हणून सांगावं, ते ते आपणच कधी कौतुकाने शिकवलेलं निघत होतं. आता एकच साधा शब्द उरला, खराब. तो मनीषच्या ओठांवर आला. पण समोर जयसिंगचे सालपटं निघालेले हात होते, कपाळावर किमयाने नुकताच लावलेला ओवाळणीचा टिळा होता. आणि किमया, जी सूसला त्याला सरळ नावाने हाक मारायची, ती माहेरी पदर सावरून म्हणत होती, "अहो, सांगा ना." तिच्या डोळ्यांत विनवणी होती. उठून पळून जावं असं त्याला वाटलं. पण खुर्चीतून उठलेला जावई जाणार कुठे?

"पाव्हणं," गेणबा हळूच म्हणाले, "भिडंखातर बोलू नगा. वाईट असंल तर वाईट म्हणा. कुनाला राग यायचा न्हाई."

म्हाताऱ्याचा मोठेपणा, मनीषला वाटलं. त्याने ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "चांगली आहे."

जयसिंग उठला, दाजींच्या पाया पडला आणि फोन कानाला लावत अंगणात गेला. "भिकू, भात निघालं की जेसीबी घिऊन ये. खाचराचं बांध मोडायचं हायेत." बायका हसत आत गेल्या. किमयाने जाता जाता नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. आपण एक घर राखलं, असं मनीषला क्षणभर वाटलं.

मग गेणबांनी स्टीलच्या पेल्यात घोटभर ओतून घेतली, प्याले, आणि पेला बाजूला सारला.

"आंबलीया की ही."

मनीष खुर्चीत पुढे सरकला. "मामा, मग तुम्हीच तसं म्हणायचं होतं."

"म्या म्हणून काय उपेग? बाप आडवा येतुया म्हणंल. माजं त्यो ऐकत न्हाई, तुमचं ऐकतुया. म्हणून तर तुमच्यावं सोपवलं." ते खाचराकडे बघत राहिले. "तुमी न्हाई म्हणाल, ह्या भरवशावं व्हतो मी."

मनीषला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो अर्धवट उठला. "मी आत्ता सांगतो त्याला."

गेणबांनी त्याचा हात धरून त्याला परत खुर्चीत बसवलं. त्या हातात राग नव्हता, आणि तेच मनीषला सोसवेना.

"आता न्हाई. जावयाचा शब्द फिरला तर माज्या पोरीला ह्या घरात मान वर करता यायची न्हाई. बसा." अंगणात जयसिंग अजून फोनवर मोठमोठ्याने हसत होता. गेणबा म्हणाले, "पुढल्या आटवड्यात कापणी हाय. सवड काढून या. तुमी भात कापताना कंदी बघितलं न्हाई, आन आता पुना बघायला गावायचं न्हाई."

"येतो," मनीष म्हणाला.