तिसऱ्या ओळीतला सा

पेन्सिलीचा तो गोल नीट वाटोळा नव्हता — वरच्या अंगाला जरा चेपलेला, घाईत ओढलेला, आणि त्याच्या आत एकच काळा ठिपका, देठासकट, स्वरलिपीच्या पाच रेघांच्या वर डोकं काढून बसलेला... भिंगाखाली धरल्यावर त्याच्या काठाला शाई किंचित फुटलेली दिसत होती. चष्म्याच्या काचांवरचे ओरखडे शोधायचं भिंग ते, त्याच्या नजरेतून केसाएवढीही खोट सुटत नाही. पण ठिपक्यात खोट नव्हती. एकोणतीस वर्षांपूर्वी चाल बांधताना त्यानं तो जिथं ठेवला होता तिथंच तो होता, वरचा सा म्हणून. आणि एकोणतीस वर्षांत चर्चच्या मंडळीतल्या एकाही माणसानं तो सा म्हटला नव्हता.

गोलातून निघालेली रेघ समासात जाऊन थांबली होती आणि तिथं गीतपुस्तकाच्या समितीच्या चिटणिसांनी मुंगीच्या अक्षरात लिहिलं होतं — जुन्या पुस्तकात सा छापला आहे, सगळे प म्हणतात. नव्या आवृत्तीत कोणता ठेवावा? समितीला प अधिक बरा वाटतो. आपली हरकत नसल्यास प छापून खाली 'रचनाकाराने सुधारून दिलेली चाल' असे टाकू. संध्याकाळी पाचला कागद न्यायला येतो, उद्या पाने छापखान्यात जातात.

सुधारून दिलेली. म्हणजे मी दिलेली. किती सोपं होतं — एक बारीकशी सही, आणि तो प त्याचा होऊन जाणार होता, कायमचा, पुठ्ठ्याच्या बांधणीत.

त्यानं कागद लेन्सच्या खोक्याखाली सरकवला आणि दुकानाची काच पुसायला घेतली, सकाळी एकदा पुसून झालेली.

पोटासाठी चष्मे आणि रविवारी ऑर्गन, असं त्याचं आयुष्य गेलं होतं. डोळे तपासून नंबर काढायचा, काचा घासून चौकटीत बसवायच्या. आणि उरलेल्या वेळात स्तोत्रांना चाली लावायच्या. बेचाळीस चाली त्यानं बांधल्या. त्यातल्या एक्केचाळीस कपाटात आहेत आणि त्यांना तिथं कुणाचा त्रास नाही. एकच जगली. लग्नात म्हणतात, पुरताना म्हणतात, पोरं पटांगणात झोपाळ्यावर म्हणतात. चालींना नावं द्यायची त्यांच्यात रीतच आहे, शब्दांचं नाव वेगळं आणि चालीचं वेगळं. कुणी गल्लीचं नाव देतो, कुणी मावशीचं. त्यानं या चालीचं नाव ठेवलं होतं 'चढण'. कारण त्या स्तोत्रातला माणूस डोंगरांकडे डोळे वर करतो, आणि तिसऱ्या ओळीत, बरोबर 'वर' या शब्दावर, सूर प, ध, नी असा पायऱ्या चढत येऊन सा गाठतो. नीपर्यंत आलेला माणूस सा गाठणारच, अर्ध्या पावलावर तर असतो. शेंबड्या पोराला विचारा. आणि मंडळी काय करते — नीवर येते, क्षणभर थांबते, आणि मुकाट्यानं खाली प वर उतरून बसते. चालीचं नाव चढण आणि ऐन माथ्यावर सगळे उतरणीला लागलेले.

सगळे नव्हे. आधी एकटी ती.

दाराची घंटी वाजली. शिंपी आत आला, सुईत दोरा ओवता येईना म्हणून. खुर्चीत बसवून त्यानं शिंप्याच्या नाकावर तपासणीची जड चौकट चढवली आणि एकेक काच घालू लागला.

"आता बरं दिसतं, की मघाशी?"

"मघाशी," शिंपी म्हणाला. मग, "नाही, आता. थांबा, परत दाखवा."

काच बदलेपर्यंत शिंपी गुणगुणू लागला. त्याला ठाऊकही नसावं आपण काय गुणगुणतो आहोत ते. पहिली ओळ, दुसरी... काच हातात धरून तो उभाच राहिला, तिसरी यायची वाट बघत, जणू आज, या माणसाच्या तोंडून, चुकून का होईना... प, ध, नी — आणि प.

"काय झालं?" शिंप्यानं विचारलं. "लई वाढलाय का नंबर?"

"नाही. पाव वाढलाय."

तो रविवार त्याला असा पाठ होता की मधूनच कुठूनही म्हणून दाखवता आला असता. ऑर्गनवर बसलं की मंडळीकडे पाठ होते, म्हणून डोळ्यांसमोर एक लहान गोल आरसा लावलेला असतो. त्यात उपासना चालवणारा पाळक दिसतो, आणि मान जरा तिरकी केली की बायकांचा पहिला बाक. त्या बाकावर त्याची बायको. तिचा आवाज असा होता की तिनं उचललं की बाकीच्या डोळे मिटून मागून येत. पहिलं कडवं आलं. तिसरी ओळ. तो सा वर गेला आणि ती प वर उतरली. चुकली असेल, त्याला वाटलं, नवी चाल आहे. दुसऱ्या कडव्यात त्यानं सा चांगला ठणकावून दाबला. ती उतरली, आणि तिच्यामागून पहिला बाक उतरला. चौथ्या कडव्याला अख्खी मंडळी खाली आणि वर त्याचं एकट्याचं बोट... आणि उपासना संपल्यावर पाळकांनी त्याचा हात हातात घेऊन प्रेमानं सांगितलं होतं, चाल फार गोड, फक्त तिसऱ्या ओळीत तुमचं बोट जरा घसरतंय, बघा.

माझं बोट.

पुढच्या रविवारपासून त्यानं मुकाट्यानं प वाजवला. सुंभ जळला तरी पीळ जळला नाही मात्र. पहिली आवृत्ती छापली तेव्हा त्यानं सा च लिहून दिला, आणि तेव्हापासून छापील एक आणि गायचं एक असं चालू राहिलं. बायकोला त्यानं कधी विचारलं नाही. विचारायचं काय? तिला सूर कळत नव्हता असं नव्हे. तिच्याकडून त्यानं ती चाल आठवडाभर घोटून घेतली होती, स्वयंपाकघरात, आणि आठवडाभर तिनं तो सा लख्ख लावला होता. म्हणजे मुद्दाम. म्हणजे आदल्या गुरुवारी दोघांत जी बोलाचाली झाली तिचा सूड, सगळ्यांसमोर, देवासमोर... ही अढी त्यानं एकोणतीस वर्षं जपली होती. संसार चांगला झाला, मुलगी शिकून मार्गी लागली, दोघं एका ताटलीतलं खात आली. आणि दर रविवारी तिसऱ्या ओळीला ती अढी एकदा खुट्ट वाजायची, बस. आपण मोठ्या मनाचे आहोत असंही त्याला त्यावरून वाटायचं, कारण तो बोलत नव्हता.

आणि आता समिती म्हणते, प बरा. त्याला हे माहीत नव्हतं थोडंच. बेचाळिसातली तीच एक का जगली, हे त्यानं स्वतःला फार वर्षांपूर्वी विचारलं होतं आणि उत्तर ऐकायच्या आत दुसऱ्या कामाला लागला होता. सा छापला तर आपण म्हणजे आपलंच खरं करणारा हट्टी म्हातारा. प छापून सही केली तर चोर. आणि 'मंडळी म्हणते तशी' असं छापा म्हणावं, तर खाली आपलं नाव कशाचं? एका ठिपक्यापायी एवढं. त्याला स्वतःचाच राग आला, आणि त्यानं खोक्याखालून कागद काढून परत भिंगाखाली धरला.

एक वाजता ती डबा घेऊन आली. आली की ती आधी दुकानात हात फिरवते. चौकटी सरळ करते, वर्तमानपत्र घडी करून ठेवते, आरशावरचा कुणाच्या तरी बोटाचा ठसा पदरानं पुसते. गुडघ्यांमुळे आता बसताना हुं करते. ती बसली. त्यानं डबा उघडला नाही.

"खा की. गार होईल."

"एक विचारू?"

"विचारा. आज परवानगी कशाला लागायला लागली?"

"त्या पहिल्या रविवारी तू तिसऱ्या ओळीत खाली का उतरलीस?"

"कुठल्या पहिल्या रविवारी?"

"चढण पहिल्यांदा म्हटली तो. मंडळीत."

तिनं कपाळाला आठी घातली. खरोखरच आठवत होती, सोंग नव्हतं. ती सोंग आणते तेव्हा कशी दिसते हे त्याला ठाऊक होतं. बाहेरून एक सायकल गेली.

"आई गेली तो?" ती म्हणाली.

त्यानं डबा बाजूला सरकवला.

"तोच ना? मला बाई नाही आठवत मी काय म्हटलं ते. म्हटलं का नाही हेसुद्धा नाही. बॅग तेवढी आठवते. सकाळीच भरून दाराशी ठेवून आले होते, उपासना सुटली की तशीच निघायचं म्हणून. सगळा वेळ डोक्यात हेच, की खालच्या कप्प्यात आईची शाल घातली का नाही." ती थांबली. "घातली होती. का, काय झालं त्याचं?"

"समितीनं विचारलंय. तिथं सा की प."

"मग लिहा ना जे असेल ते. तुमचीच तर चाल आहे." आणि तिनं डब्याचं झाकण स्वतःच काढून त्याच्यापुढे सरकवलं.

ती गेल्यावर त्यानं डबा तसाच झाकून ठेवला. त्याला काही नवीन कळलं नव्हतं. हे सगळं त्याला माहीत होतं, तारखेसकट. सासूच्या दगडावर तीच तारीख कोरलेली आहे आणि तो दगड त्यानंच करवून घेतला होता. फक्त ते दुसरीकडे होतं, दुसऱ्या कप्प्यात... 'तो रविवार' म्हटलं की त्याच्या डोक्यात आरसा, बोट, पाळकांचा हात. आणि सासू गेली ती त्यानंतर कधीतरी, दुपारी, निघता निघता शेजारच्यांकडे फोन आला तेव्हा. एकाच दिवसाची सकाळ आणि दुपार. एकोणतीस वर्षांत त्यानं ती एकमेकींशेजारी कधी ठेवलीच नव्हती.

आणि गुरुवार. गुरुवारी तिच्या भावाचं पत्र आलं होतं, आईचं बरं नाही, निघून ये. ती बॅग काढायला उठली तेव्हा तो म्हणाला होता — काय म्हणाला होता? रविवार होऊ दे, तुझ्याशिवाय बायका चाल उचलायच्या नाहीत. तिनं दोनदा विचारलं. आणि दुसऱ्यांदा तो हसून म्हणाला होता, अगं, आई काय पळून जाते आहे.

हसून म्हणालो होतो मी. ऑर्गनवरचे कागद लावता लावता.

मग सहा तासांची बस. ती खिडकीशी, तो शेजारी. सहा तासांत तो एक अक्षर बोलला नव्हता, कारण त्यानं अबोला धरला होता — त्या प वरून, बायकोची आई गेलेली असताना, त्या प वरून. आणि पुढे कधीतरी मेहुणीनं त्याला सांगितलं होतं, ताई म्हणते, त्या दिवशी हे नुसते शेजारी बसून होते, उगाच समजूत घातली नाही, केवढा आधार वाटला. त्यानं ते ऐकून घेतलं होतं. मान खाली घालून, विनयानं. आता दुकानात एकट्याच्याच कानाच्या पाळ्या तापल्या, आणि त्यानं उगाच उठून पंखा वाढवला.

मग त्या सकाळी ती का उतरली? तिला तेव्हा काही कळलेलं नव्हतं, फोन दुपारचा. आवाजच वर गेला नसेल. की डोंगरांकडे बघून मदत मागणारा माणूस असाच मागतो — नीपर्यंत कसाबसा येतो आणि पुढे त्याच्यानं होत नाही? की नुसतीच शाल, खालच्या कप्प्यातली... ते आता तिलाही माहीत नव्हतं, म्हणजे कुणालाच नव्हतं. आणि तिच्यामागून दोनशे माणसं उतरली होती, जणू सगळ्यांच्याच घरी बॅग भरून ठेवलेली होती.

पाचला चिटणीस आले, छत्री कोपऱ्यात ठेवली, आणि कागदाचं विचारण्याआधी तपासणीच्या खुर्चीतच बसले.

"आलोच आहे तर उजवा डोळा बघून घ्या. अक्षरं पुसट येतात. कागद झाला ना तयार?"

"होतोय," तो म्हणाला.

कागद तिथंच होता, खोक्यावर, गोल तसाच, प्रश्नाखालची जागा कोरी. त्यानं चिटणिसांच्या नाकावर चौकट ठेवली, डावा डोळा झाकला, उजव्यापुढे काच घातली आणि सवयीनं वाकून त्यांच्या डोळ्यात पाहिलं — बाहुली, तिच्याभोवतीचा करडा पट्टा, पांढऱ्यात आलेली एक तांबडी शीर. एकदा पाहिलेला डोळा तो विसरत नसे. माणसांची नावं विसरे, डोळे नाही. गावभर त्याची ख्याती होती त्यासाठी.

"आता बरं, की मघाशी?"

"मघाशी काही घातलंच कुठं होतं?" चिटणीस हसले.

तो हसला नाही. तो मान जरा तिरकी करून ऑर्गनवरच्या त्या लहान गोल आरशात बघत होता. पहिला बाक होता, ती उभी होती, हातात पुस्तक होतं. तिचं तोंड त्याला स्पष्ट दिसत होतं, प वर उतरतानाचा ओठांचा आकारसुद्धा. एकोणतीस वर्षं तेच तर तो बघत आला होता. त्याच्या वर तो जाऊ लागला, गालावर, नाकावर... आणि तिथून पुढे त्याला काही दिसेना. त्यानं परत ओठांपासून सुरुवात केली.

"अहो," चिटणीस म्हणाले, "काच बदलताय ना?"

"हो," तो म्हणाला, आणि हातातली काच तशीच धरून त्या सकाळचे तिचे डोळे आठवत उभा राहिला.