पिशव्या बांधलेलं झुडूप

मित्रांनो, मी एक जुनं झुडूप आहे. मला झाड म्हणालात तर रागावणार नाही, पण ते खोटं होईल. माझी उंची मला सांभाळणाऱ्या मावशीच्या खांद्याएवढी, आणि मावशी काही फार उंच नाही. माझी पानं जाड, खरबरीत. फुलं हिरवट आणि इतकी बारीक, की डोळे जवळ आणून बघावं लागतं. त्यामुळे रोपवाटिकेत येणारे बहुतेक जण मला ओलांडून गुलाबांकडे जातात. जाऊ देत बापडे! पण हात भाजला की माझीच आठवण होते. माझ्या पानांचा लेप भाजल्यावर लावतात. कोपऱ्यावरचा भट्टीवाला तर मला "डॉक्टरीणबाई" म्हणतो.

मावशी शिवणकाम करते. पुढच्या खोलीत तिचं मशीन, मागच्या अंगणात काकांची रोपवाटिका. काका म्हणजे तिचा नवरा. मला इथे आणलं ते मावशीच्या आईने. ती टेकडीवरून माझ्यासारख्यांची पानं आणायची आणि भाजलेल्यांना लेप द्यायची. पुढे खडीसाठी ती टेकडी फोडायला घेतली. तेव्हा तिने हाती लागली तेवढी फळं ओच्यात गोळा करून लेकीकडे आणली. नंतर तिने अंथरूण धरलं. जाताना एवढंच म्हणाली, "हे संपू देऊ नकोस गं."

आमचं बी वाळलं की मरतं. म्हणून फळं आणली त्याच दिवशी काकांनी त्यांचा गर धुऊन काढला, बियांची टरफलं दगडावर हलक्या हाताने घासली आणि रात्रभर त्या कोमट पाण्यात ठेवल्या. मग रोपवाटिकेच्या रिवाजाप्रमाणे एकेका कुंडीत दोन-दोन पेरल्या. दोन्ही उगवल्या तर जोमदार ठेवायची, दुसरी काढून टाकायची. कुंड्यांवर काचेचे तुकडे झाकले आणि त्या सावलीत ठेवल्या.

पुढे कितीतरी महिने काहीच झालं नाही. एकेका कुंडीतल्या बिया कुजत गेल्या. मावशी टाके घालता घालता मध्येच उठून यायची, काच उचलून बघायची आणि परत मशीनवर जाऊन बसायची. तिचा जीव टांगणीला लागला होता. आणि एके सकाळी एका कुंडीत हिरवं टोक दिसलं. ते माझं. थोड्याच दिवसांत माझ्या शेजारी आणखी एक टोक वर आलं. बारीक होतं ते, जरा वाकडंही. वारा आला की माझ्यावर टेकायचं. मला त्याचा त्रास व्हायचा, पण ते नसलं तर करमलंही नसतं.

काकांना आम्ही दोघंही हवी होतो. ते म्हणाले, "अगं, हलकेच सोडवतो दोघांना. दुसरी कुंडी आणतो."

मावशी घाबरली. "नको हो! मुळं गुंतली असतील एकमेकांत. दोन्ही वाचवायला जाल आणि दोन्ही घालवून बसाल. वर गेल्यावर आईला काय सांगू मी? एकच ठेवा, पण ते जगू द्या."

तिचं काय चुकलं, सांगा? एवढ्या एकाच कुंडीत काही उगवलं होतं. काका कुंडीजवळ उकिडवे बसले. मग त्यांनी तिचीच दोरा कापायची कात्री मागितली. उपटलं तर माझी मुळं हलली असती, म्हणून त्यांनी त्या बारक्याला मातीलगत कापलं. कट्, एवढाच आवाज झाला. त्या संध्याकाळी वारा आला तेव्हा माझ्या अंगावर कोणीच टेकलं नाही.

मी वाढले. मला जमिनीत लावलं. मावशी लेप वाटायला शिकली, लोक मला नावाजू लागले. मग मला फुलं आली आणि घरात आनंदीआनंद झाला! बी खाली पडून वाया जाऊ नये म्हणून मावशीने कापडाच्या उरलेल्या तुकड्यांच्या छोट्या पिशव्या शिवल्या आणि माझ्या प्रत्येक तुऱ्यावर बांधल्या. महिन्याभराने सोडून बघितलं, तर आत नुसती वाळकी फुलं. दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षीही तेच.

एकदा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई रोपं घ्यायला आल्या. त्यांनी भिंगातून माझी फुलं बघितली. "काका, हे मादी झाड आहे. यांच्यात नर झाड वेगळं असतं. ते जवळ असल्याशिवाय हिला बी धरणार नाही. आणखी एखादं आहे का?"

टेकडीवर आम्ही दाटीने राहायचो, त्यामुळे हे कुणाला कळायची वेळच आली नव्हती. काकांचा चेहरा खर्रकन उतरला. खिडकीतून मशीनचा खडखड आवाज येत होता. त्यांनी तिकडे एकदा बघितलं.

"नाही," ते म्हणाले. "एकच उगवलं होतं. आणि बाई, हे घरात बोलू नका."

बाईंनी खूप शोध घेतला. टेकडी तर उरलीच नव्हती. काकांनी माझ्या फांद्या लावून बघितल्या, त्याही रुजल्या नाहीत. आणि रुजल्या असत्या, तरी त्या म्हणजे पुन्हा मीच.

त्यानंतर काकांनी मावशीला दरवर्षी नवं कारण सांगितलं. मुंग्या लागल्या, पाऊस अवेळी पडला, ऊन कमी पडलं. मावशी म्हणायची, "तुमच्याकडे बी नसलं तरी कारणं मुबलक आहेत!" दोघंही हसायची. मग ती आत गेली की काका माझ्याजवळ येऊन बसायचे आणि बोटाने माती उकरत राहायचे, नेमकं माझ्या शेजारची. मला फार वाईट वाटायचं हो.

गेल्या हिवाळ्यात काका गेले.

मित्रांनो, तुमच्या कुंडीत कधी दोन अंकुर आले, तर दुसरी कुंडी शोधा. कुंडी नसेल तर फुटका डबा चालेल. बारीक आहे, वाकडं आहे, म्हणून कात्री लावू नका. ते कोणाचं कोण आहे, हे आधी कुणालाच माहीत नसतं. आणि खरबरीत पानांचं, बारीक हिरवट फुलांचं एखादं झुडूप कुठे दिसलं, तर कॉलेजातल्या त्या बाईंना जरूर कळवा. त्या अजून शोधताहेत.

पण मावशीला मात्र यातलं काही सांगू नका. मला यंदा पुन्हा फुलं आली आहेत. तिचे गुडघे धरलेत, तरी ती उठबस करत पिशव्या बांधते आहे. या वेळच्या पिशव्या काकांच्या निळ्या शर्टाच्या आहेत. "यंदा तरी ऐक माझं," ती म्हणते आहे. तिला गाठ नीट मारता यावी, म्हणून मी जराही हलत नाही.