काका यायच्या आत

“एकट्यानं बघायचं नाही. कितीही हात शिवशिवले तरी. शेवट बघायचा तो दोघांनी, एकाच वेळी. कबूल?”

असं बजावणारा तेव्हा शेंबडा पोर होता, पण आवाज काढला होता न्यायाधीशाचा. ऐकणाऱ्यानं गळ्याला चिमटा काढून कबूल म्हटलं. पुढे ऐकणाऱ्याचे केस पिकले, स्वतःचं चष्म्याचं दुकान झालं, तरी एखादी डिस्क हातात घेतली की तो आवाज कानाशी येई. बजावणारा मोठेपणी दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. सगळे त्याला पेंटर म्हणत. आणि पेंटर चष्मेवाल्याला म्हणे ‘भिंग’.

त्या कबुलीमागं एक व्हिडिओ कॅसेट होती. पेंटरच्या घरची, जपानी कार्टून सिनेमाची. कार्टून म्हणजे ससे-उंदीर नव्हेत. एक तलवारवाली पोरगी, एक पिसाट सुटलेली चिलखती आगगाडी, आणि ती गाडी हाकणारा तिचाच सख्खा भाऊ. भाषेचं अक्षर कळत नव्हतं, पण अडलं कुठं नाही. शेवटी गाडी तुटक्या पुलावर येते, पोरगी टपावरून इंजिनाकडं धावते, भाऊ वळून बघतो, ती तलवार उचलते... आणि पडद्यावर कोट घातलेले काका नाचत येतात! घरातल्या कुणीतरी कोरी कॅसेट समजून तिच्यावरच कुणाच्या तरी लग्नाचं चित्रण उतरवलं होतं. उचललेली तलवार खाली आलीच नाही.

तेव्हापासून दोघांची ती म्हणच झाली. परीक्षेत शेवटचं उत्तर लिहिताना घंटा झाली, काका आले. पेंटरची जुळत आलेली सोयरीक मोडली, काका आले. ऐन रंगात काही तुटलं की दोघं एकमेकांकडं बघून तेवढंच म्हणत आणि पोट धरून हसत.

चष्मेवाल्याला त्या तलवारीनं जन्माचा नाद लावला. जुने जपानी मारधाडीचे सिनेमे कुणीतरी हुडकतं, मूळ फिती धुऊन-पुसून घेतं, विटलेले रंग परत आणतं, आवाजातली खरखर काढतं आणि नव्या डिस्का काढतं; याला म्हणतात रीमास्टर. त्या तो गोळा करी. भिंतभर कपाट झालं. प्रत्येक सिनेमाचे दोन बॉक्स, एक बघायचा आणि एक वेष्टनासकट जपायचा. बॉक्सच्या कमरेला कागदाची पट्टी असते, तिला तो कंबरपट्टा म्हणे. कंबरपट्टा चुरगळला तर त्याला दोन दिवस जेवण गोड लागत नसे.

“या घरात सगळं रीमास्टर होतं,” बायको म्हणे. “स्वयंपाकघरातला नळ तेवढा सोडून.”

नळ गळत होता हे खरं. आणि त्याची भिंत कपाटाच्याच मागं होती हेही खरं. पण नादिष्ट माणसाला कपाट दिसतं, भिंत दिसत नाही.

मग एक दिवस तोच सिनेमा निघाला. आगगाडीचा, शेवटासकट. बॉक्स मोजकेच निघाले आणि बघता बघता संपले. याच्या पदरात एकच पडला. बॉक्सच्या पाठीवर शेवटच्या प्रसंगाचं चित्र होतं, तुटका पूल आणि वर जांभळं आभाळ. त्यानं तो उलटसुलट करून पाहिला, छातीशी धरला आणि तसाच कपाटात ठेवला. पेंटरच्या वाढदिवसाला त्याच्यापुढं ठेवायचा, असं मनात होतं.

ते मनातच राहिलं. त्याच आठवड्यात पेंटर शिडीवर चढून याच्या दुकानाची नवी पाटी रंगवत होता.

“पुढची अक्षरं निळी करू का रे, भिंगा?”

“जांभळी कर. शेवटच्या आभाळासारखी.”

बोलून गेला आणि जीभ चावली. वर ब्रश थांबला होता.

“शेवटचं आभाळ तुला कुठं दिसलं?”

“अरे, बॉक्सच्या पाठीवर चित्र आहे. आणलाय मी. तुला सांगणारच होतो.”

“बघितलास?”

“काहीतरीच काय! घरी चल, वेष्टन दाखवतो. अजून फोडलेलं नाही.”

पेंटर शिडीवरून सावकाश उतरला. “मी विचारतोय तुला, आणि तू वेष्टन दाखवतोस? चष्म्याच्या काड्या वाकवायचं गरम वाऱ्याचं यंत्र आहे तुझ्याकडं. वेष्टन काय, हवं तेव्हा चढवशील.”

आता याचाही पारा चढला. “विश्वास नसेल तर नको बघूस!”

“नाही बघत.”

पेंटर ब्रश धुऊन निघून गेला. पाटीवर ‘चष्म्याचे दु’ एवढंच राहिलं. दोन वर्षं झाली, याला दुसऱ्या रंगाऱ्याला बोलवावंसं वाटलं नाही. गिऱ्हाइकं विचारत, “‘दु’ म्हणजे काय हो? दुःख?” तो हसण्यावारी नेई.

आणि आज दुपारी पेंटरच्या बायकोचा फोन आला.

“भावजी, मी बोलतेय. यांना न सांगता करतेय फोन, रागावू नका.”

“वहिनी? काय झालं?”

“डोळ्याचा पडदा सुटलाय यांच्या. एक डोळा तर मागंच गेला, तुम्हाला कळवू दिलं नाही मला. आता दुसराही. उद्या सकाळी ऑपरेशन. आज संध्याकाळी भरती व्हायचंय. डॉक्टर म्हणतात, प्रयत्न करू.”

प्रयत्न करू म्हणजे काय, ते चष्मेवाल्याला कुणी समजावायला नको होतं. जन्म डोळ्यांच्या धंद्यात गेला होता.

“अजून दिसतं?”

“मधलं दिसतं म्हणतात. कडेनं काळं चढत चाललंय.” वहिनींनी आवाज खाली आणला. “सकाळी एकदम म्हणाले, काका आले गं. घरात कुणी नव्हतं, भावजी. मी घाबरले. हे कुठले काका?”

“आलोच मी,” तो म्हणाला, दुकान उघडंच टाकलं आणि घराकडं सुटला.

कपाट उघडलं. डोळे मिटूनही सापडेल अशी जागा. हात घातला, बॉक्स हाताला लागला, आणि बोटांना आधी कळलं. गुळगुळीत लागायला हवं तिथं खरखरीत पुठ्ठा लागला. वेष्टन नव्हतं.

“अगं!” त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. “हे कुणी फोडलं?”

बायको हात पुसत आली. “मी. गेल्या आठवड्यात. का हो?”

“का? का विचारतेस? सोन्यासारखं जपलं होतं मी ते!”

“सोनं सडत नाही,” ती शांतपणे म्हणाली. “भिंत ओली झालीय मागून. त्या प्लास्टिकच्या आत पाणी धरलं होतं, पुठ्ठ्याला बुरशी यायला लागली होती. वरचं प्लास्टिक तेवढं काढलं, पंख्याखाली वाळवलं. आत उघडूनसुद्धा नाही पाहिलं. तुमचा तो कंबरपट्टा पुस्तकात दाबून सरळ केला आणि परत घातला. बघा.”

कंबरपट्टा खरंच सरळ होता. पुठ्ठ्याच्या कोपऱ्याला करडा डाग होता, तिथंच थोपलेला. तो खाली बसला. मग त्यानं तिला सगळं सांगितलं: कॅसेट, काका, कबुली, शिडी. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच.

“म्हणजे नेम होता हा तुमचा,” ती म्हणाली. “आणि मला ठाऊक नाही. मी मेली फडकं घेऊन त्यावरच!”

“आता त्याला काय दाखवू? वेष्टन एवढंच होतं माझ्याकडं.”

ती नेहमीच्या हलक्या आवाजात म्हणाली, “नेम पाळला की मोडला, हे कुणी वेष्टनाला विचारतं का?”

त्याला ते पटलं नाही. पटण्याइतका वेळही नव्हता. डोक्यात दुसरंच चक्र सुरू झालं होतं. बॉक्स काखोटीला मारून तो परत दुकानात आला, दार लोटलं आणि कामाच्या टेबलावरचा दिवा लावला.

आधी डिस्क. ओल आतपर्यंत गेली असेल तर सगळाच खेळ खलास. लावून बघता येत नव्हती, पुरती तपासायची तर शेवटही दिसायचा. त्यानं ती दोन बोटांनी कडेला धरली, दिव्याखाली तिरकी केली आणि डोळ्याला भिंग लावून सावकाश फिरवली. सुईच्या टोकाएवढा ठिपका दिसला. मऊ फडक्यानं, आतून बाहेर, सरळ रेषेत पुसलं. ठिपका फडक्यावर आला. पुन्हा भिंग. आरशासारखी स्वच्छ.

आता वेष्टन. महागड्या फ्रेमी गुंडाळायचा पातळ प्लास्टिकचा रोल फळीवर होता. त्यानं माप घेतलं, कापलं, घडी घातली. गरम वाऱ्याचं यंत्र सुरू केलं. प्लास्टिक आधी सुरकुतलं, मग हळूहळू ताणून बसलं. कोपरे दाबले. कारखान्यातून आत्ता आल्यासारखं. खोटं तरी कशात होतं? सिनेमा त्यानं बघितला नव्हता, ही काळ्या दगडावरची रेघ. खऱ्याला फक्त खऱ्याचं रूप परत दिलं होतं. त्यानं बॉक्स उजेडात धरला. कुणी म्हणजे कुणी ओळखणार नव्हतं.

यंत्र घरघरत होतं. त्या घरघरीतून शिडीवरचा आवाज आला. वेष्टन काय, हवं तेव्हा चढवशील.

त्याचा हात जागच्या जागी राहिला. दोन वर्षं तो ज्याला पुरावा म्हणून कवटाळून बसला होता, तो पेंटरनं बघायच्या आधीच मोडीत काढला होता. पेंटरनं मागितलं होतं ते वेगळंच, तोंडावर सरळ एक उत्तर. आणि हा शहाणा प्लास्टिक दाखवायला निघाला होता! तेव्हाही, आणि आजही.

त्यानं यंत्र बंद केलं. कडेला नख घातलं आणि टर्रकन वेष्टन ओढून काढलं. मग फोन लावला. वहिनींच्या नव्हे, पेंटरच्याच नंबरवर. दोन वर्षांत न दाबलेला नंबर बोटांना पाठ होता.

घंटा वाजत राहिली. उचलत नाही वाटेपर्यंत वाजली.

“कोण?”

“भिंग.”

पलीकडं कुठंतरी बॅग भरल्याचा, चेन ओढल्याचा आवाज.

“बायकोनं फोन केला वाटतं तुला,” पेंटर म्हणाला. “बोल.”

“वेष्टन नाही राहिलं. ओल धरली, हिनं फाडलं. आत्ता मी दुसरं चढवलं होतं, तू म्हणाला होतास त्या गरम वाऱ्यानं. तेही फाडलं.” त्यानं श्वास घेतला. “मी बघितला नाही रे. आईच्यान. शेवट काय आहे मला ठाऊक नाही.”

यानं फोन कानावरून काढून बघितला, चालू आहे ना म्हणून.

“गाढवा,” शेवटी आवाज आला. जरा घोगरा. “हे शिडीखाली उभं राहून सांगायला तुझी जीभ झडली होती?”

“झडली होती.”

“मला मान हलवायची नाही म्हणालेत. उजव्या कुशीवर पडून राहा, म्हणे. डिस्क लावायचं यंत्र आडवं धरावं लागेल.”

“धरतो. दुमडायच्या पडद्याचं आहे माझ्याकडं.”

“आणि तुला आडवं कसं दिसणार?”

“मीपण पडेन तुझ्या मागं. उजव्या कुशीवर.”

“हं. तुझी बायको बघायला हवी होती, दोन म्हातारे एका उशीवर.” पेंटर हसला, आणि हसता हसता थांबला. “भिंगा, साडेसहाला निघायचंय आम्हाला. मधूनमधून काळं वर येतं, मग थोडं उतरतं. आज येतंय ते उतरायला वेळ लावतंय. ये लवकर. काका यायच्या आत.”

“निघालोच.”

“आणि वाटेत बघू नकोस.”

फोन ठेवला. त्यानं बॉक्स कोरड्या फडक्यात गुंडाळला, दुकानात ठेवलेलं डिस्कचं छोटं यंत्र पिशवीत घातलं, वायर घातली. कंबरपट्टा दुमडतोय का ते बघायला हात पुढं गेला, आणि मागं आला. दुमडला तर दुमडला.

बाहेर उन्हं कलली होती. त्यानं शटर ओढलं, कुलूप लावलं. वर ‘चष्म्याचे दु’ तसंच लटकत होतं. त्याकडं न बघता, पिशवी पोटाशी दोन्ही हातांनी धरून, तो रस्त्याच्या कडेकडेनं झपाझप चालू लागला.