पन्नास थेंबांची चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुनी चिठ्ठी आहे. डॉक्टर औषध लिहून देतात ना, तसली. पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या एका डोंगराळ गावात डॉक्टर सेव्हेरिनोंनी घाईघाईत मला वहीतून फाडलं, तेव्हा माझी शाई ओलीच होती. बेल्मिरू सुताराचं हृदय दमलं होतं. त्याच्यासाठी त्यांनी माझ्यावर लिहिलं : रोज पन्नास थेंब. आकड्यात आणि अक्षरातही.

औषधांच्या दुकानात ओतीलियाने मला वाचलं, शिक्का मारला आणि बाटलीसोबत परत दिलं. बेल्मिरूने माझी नीट घडी घालून मला कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. माझी नोकरी एवढीच, एका दुपारची.

चौथ्या दिवशी बेल्मिरू गेला. त्याच्या कोटाला हात लावणं त्याच्या बायकोच्या, दिओलिंदाच्या जिवावर आलं. तिच्या बहिणीने तो खिसे न बघताच ट्रंकेत टाकला आणि ट्रंक पलंगाखाली सरकवली.

आत अंधार होता आणि डांबरगोळ्यांचा वास. खोलीतलं बोलणं मात्र ऐकू यायचं. औषध जास्त झालं होतं. डॉक्टर म्हणत होते, मी पाच थेंब लिहिले, दुकानवालीने पन्नास वाचले. ओतीलिया म्हणत होती, चिठ्ठी दाखवा. सगळे मला शोधत होते आणि मी त्यांच्या पायांपाशीच होते. पण कागदाला हाक मारता येत नाही. गावाने डॉक्टरांवर विश्वास ठेवला. ओतीलियाच्या दुकानाची पायरी कुणी चढेना. तिने ते बंद केलं. दिओलिंदा तिच्या दारावरून मान फिरवून जाऊ लागली.

अकरा वर्षांनी कोट कुणाला तरी द्यायचा म्हणून दिओलिंदाने ट्रंक उघडली. मी तिच्या हाताला लागले. तिने मला वाचलं. पन्नास थेंब, डॉक्टरांच्याच अक्षरात.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन तालुक्याच्या वकीलबाईंकडे गेली. आमच्याकडे औषध लिहून देण्याला आणि दाव्याची मुदत टळण्याला एकच शब्द आहे, ‘प्रिस्क्रिसांव’.

“मावशी, याचं प्रिस्क्रिसांव झालंय हो,” वकीलबाई हळूच म्हणाल्या.

“तेच तर दाखवतेय. डॉक्टरांच्या हातचंच आहे.”

“तसं नाही. मुदत टळली. आता कोर्टात याचं काही होणार नाही.”

“म्हणजे खोटं खरं झालं?”

“खोटं खोटंच आहे. फक्त कोर्टाचं दार बंद झालंय.”

दिओलिंदाने मला पर्समध्ये ठेवलं. ती घरी गेली नाही, सरळ ओतीलियाच्या दारात उभी राहिली.

ओतीलिया एकटीच सूप पीत बसली होती. तिने चष्मा लावून मला दोनदा वाचलं.

“अकरा वर्षं माझ्याकडे पाठ करून गेलीस,” ती म्हणाली.

“गेले. चुकलं माझं.”

“वाचलं मी बरोबर.” ओतीलियाने चष्मा काढला. “पण इतके थेंब कशाला, हे विचारायला हवं होतं. दुकानात गर्दी होती, डॉक्टर मोठा माणूस. नाही विचारलं. ती चूक माझी, दिओलिंदा. ती कुणी शोधलीच नाही.”

दिओलिंदाने खुर्ची ओढली. “सूप आहे का अजून?”

“आहे. गार झालंय.”

“चालेल.”

आता मी त्या बंद दुकानाच्या काचेमागे आहे. दिओलिंदाने मला तिथे चिकटवलं. माझ्याशेजारी दुसरा कागद आहे. त्यावर ओतीलियाने लिहिलंय, ‘मी विचारलं नाही.’ येणारेजाणारे थांबतात, दोन्ही वाचतात. डॉक्टर सेव्हेरिनो आता थकलेत. ते पलीकडच्या बाजूने जातात.

मित्रांनो, तुमच्या हाती अशी चिठ्ठी आली तर खिशात घालण्याआधी नीट वाचा. शंका आली तर विचारा, समोरचा कितीही मोठा असो. आणि कुणी ‘कागद दाखवा’ म्हणत असेल, तर त्याला वाईट ठरवण्याआधी सगळे खिसे तपासा. उन्हाने माझी शाई रोज थोडी उडते आहे. अजून वाचता येते. या, वाचून जा.