आईंचा डबा

"बाहर का खाना अलाउड नहीं है, माजी," पार्कच्या गेटवरचा माणूस म्हणाला आणि त्याने सासूबाईंच्या पिशवीतला स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला.

सासूबाईंनी एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "मनं ऑपरेशन व्हयेल शे. टाका दखाडू का?" आणि टाके दाखवायला खरंच पदराला हात घातला.

त्या माणसाला अहिराणी कुठली कळायला, पण हात कुठे चाललाय ते कळलं. त्याने घाईघाईने डबा पिशवीत कोंबला आणि आम्हाला आत सोडलं. माझा नवरा ललित कानापर्यंत लाल झाला. "आई, काय हे चारचौघांत," तो पुटपुटला. मी आमच्या लेकीचा, किरणचा, हात धरून पुढे झाले, कारण मला हसू आवरत नव्हतं.

दिवाळीआधी जळगावला दुर्बिणीतून सासूबाईंचं पित्ताशय काढलं. डॉक्टर म्हणाले, प्रवासाला हरकत नाही, पण सध्या तेल, तूप, तळलेलं बंद. आता खानदेशातल्या बाईला हे सांगणं सोपं आहे होय? आमच्याकडे शेवभाजीवर लालभडक तर्री तरंगली नाही तर पाहुणा तोंडाने काही बोलत नाही, पण मनात घरच्या बाईला कंजूष ठरवून मोकळा होतो. तरी सासूबाईंनी पथ्य कडक पाळलं. रोज दुधी नाहीतर गिलकं, फोडणीशिवाय शिजवलेलं, आणि ज्वारीची भाकरी.

किरणला दिवाळीच्या सुट्टीत सुरतेकडच्या या पार्कात न्यायचं कधीचं ठरलं होतं. ललितचं म्हणणं, आईला या खेपेला घरी भडगावातच राहू दे. त्या ऐकेनात. एकदा मेथी निवडता निवडता मला म्हणाल्या, "किरणनी सांगेल शे, आजी, बोटमा मनाजोडे बसजो. हाई खेप नीट गई ते पुढे बी लई जातीन. आनि तठे मनं पोट दुखनं, ते मंग माले कायम घर राखालेच ठेवतीन."

भिकुबाई पाटील नावाची ही बाई आजवर लग्नं, बारशी आणि दहाव्या-तेराव्याशिवाय कुठे गेली नव्हती. जिथे गेली तिथे चुलीपाशीच बसली. एकदा नाशिकला तीन दिवस राहून आल्या, तर नुसतं पुतण्याच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याचंच सांगत होत्या. फिरायला म्हणून घराबाहेर पडण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे पोट दुखून चालणार नव्हतं.

येताना साक्रीला गाडी थांबली. कढईतून भजी निघत होती, ललितने तीन प्लेटी सांगितल्या. सासूबाई गाडीतच पाठ करून बसल्या आणि लाह्या खाल्ल्या, त्यातल्याही अर्ध्या किरणच्या ओंजळीत ओतल्या. मला वाटलं, सुटलो. भज्यांच्या वासापुढे जी टिकली ती कुठेही टिकेल.

दुपारी आम्ही पार्कातल्या जेवणाच्या मोठ्या शेडमध्ये बसलो. छोले भटुरे आले, बटाट्याच्या तळलेल्या काड्या आल्या, पावभाजी आली आणि तिच्यावर लोण्याचा गोळा. किरणने दोन घास खाल्ले, तिसरा चिवडला आणि पाळण्याकडे बोट दाखवून ललितला ओढायला लागली. ललितनेही अर्धा भटुरा टाकला आणि उठला. मी हात धुवायला नळावर गेले.

परत आले तर सासूबाई रोजच्यासारख्या आवराआवरीला लागल्या होत्या. सगळ्यांचं उष्टं त्यांनी एका प्लेटमध्ये गोळा केलं होतं. भटुरा, त्यावर छोले, बाजूला काड्या, लोणी माखलेला पाव. बाकीच्या प्लेटी एकात एक घालून ठेवल्या होत्या. आणि भटुऱ्याचा तुकडा मोडून, छोल्यात बुडवून, हात तोंडाशी गेला होता.

मी धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं. "आई, काय करताय हे?"

त्या दचकल्या. हातातल्या तुकड्याकडे अशा बघायला लागल्या की तो तिथे कोणी ठेवला तेच त्यांना कळेना. "वाया जाई ना वं," त्या म्हणाल्या. "बठ्ठा जेवनात म्हनीसन मी बसनू."

"आणि डबा?"

डबा पिशवीत होता, जसाच्या तसा. झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं. सकाळपासून त्या लाह्यांवर होत्या, आणि बठ्ठ्यांची, म्हणजे आम्हा सगळ्यांची, जेवणं व्हायची वाट बघत होत्या.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तेल सोडणं या बाईला जड नव्हतंच. घरी आम्ही उठलो की त्या बसायच्या आणि मागे उरेल ते पुसून खायच्या. आता घरी जे उरायचं ते बिनतेलाचंच, कारण त्यांच्यासाठी मी सगळ्यांचंच तसं करत होते. इथे मात्र उरलं ते हे असलं तळलेलं. फक्त आपल्यासाठी केलेलं, दुसऱ्या कोणाचं त्यात काही नाही, असं ताट त्यांनी कधी ओढून घेतलं नव्हतं. मला राग आला. कोणावर ते सांगता येईना, पण चांगलाच आला.

मी तुकडा त्यांच्या हातातून काढून घेतला. साफसफाईवाली बाई आली होती, तिच्याकडे ती प्लेट दिली. तिने सगळं पिंपात लोटलं. सासूबाई पिंपाकडे बघत राहिल्या.

"आई, डबा उघडा."

"तू बी खाय ना थोडं."

"मी जेवले. हे तुमचं आहे."

"किरणले लागनं ते?"

"तिला दुधी आवडतो का कधी? खा तुम्ही."

त्यांनी डबा उघडला. भाकरी गार होऊन कडक झाली होती. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि भिंतीकडे तोंड करून जेवायला लागल्या. चोरून खावं तशा. मी समोरच बसून राहिले, उठले असते तर त्यांनी झाकण लावलं असतं. शेवटची चतकोर भाकरी त्यांनी डब्यात ठेवली, झाकण हातात घेतलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांनी झाकण खाली ठेवलं आणि ती भाकरीही खाल्ली.

संध्याकाळी बोटीच्या रांगेत आमचा नंबर लागला. सासूबाई किरणशेजारी बसल्या, नळावर धुतलेला डबा मांडीवर घेऊन. मी आणि ललित मागच्या बाकावर. बोट हलली तसा डबा खडखडला.

"आजी, काय आहे गं त्यात माझ्यासाठी?" किरणने विचारलं.

"काहीच नही बेटा," सासूबाई म्हणाल्या. "बठ्ठं मीच खादं."

ललित माझ्याकडे बघायला लागला. सासूबाई मात्र एक हात डब्यावर ठेवून समोरच्या पाण्याकडे बघत होत्या.