झाकणावरची खूण

प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या खोलीत मला बावीस वर्षं झाली. पेशींना वेळेवर खाणं घालणं हे माझं काम, आणि येईल त्याच्यावर ओरडणं हा स्वभाव. खूण डिशच्या बुडावर करा, झाकणावर नको. झाकण काय, कुठलंही कुठल्याही डिशवर बसतं. पण ऐकतंय कोण? पालथ्या घड्यावर पाणी.

आमची संशोधक पोरगीही त्यातलीच. माझ्या लेकीच्या वयाची, मला मावशी म्हणते. सहा वर्षं तिने एकाच गोष्टीपायी घालवली. मेंदू वाढताना स्वतःच एक रेणू तयार करतो आणि मज्जापेशीचा कोवळा तंतू त्याच्या मागावर वाट काढत जातो, असं तिचं म्हणणं. एका डिशमध्ये त्या रेणूत भिजवलेला जेलीचा कण ठेवायचा, दुसरीत साधा. रेणूच्या डिशमधले तंतू कणाकडे वळायला हवेत. तिने मोजले तेव्हा दरवेळी वळले. तिचा निबंध छापायला गेला, पण आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख सर पडले संशयी. या खेपेला त्यांनी खुणा कागदाने झाकायला लावल्या आणि मोजायला स्वतः बसले.

मोजून झाल्यावर कागद काढले. रेणूच्या डिशमध्ये शंभरातले चव्वेचाळीस वळलेले, साध्या डिशमध्ये एकसष्ट.

"निबंध मागे घे," सर म्हणाले. "आजच कळव."

पोरगी पांढरीफटक पडली. मला मात्र वेगळंच आठवलं. सकाळी खाणं बदलताना मी दोन्ही झाकणं एकदम काढून शेजारी शेजारी ठेवली होती. तेवढ्यात लेकीचा फोन आला आणि बोलता बोलताच मी झाकणं लावली. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याची सालटी काढली असती.

"सर, सकाळी झाकणांची अदलाबदल झाली असेल. माझ्या हातून. म्हणजे एकसष्ट हे रेणूच्याच डिशमधले."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "मावशी, तिला वाचवायला सांगताय?"

"बावीस वर्षांत कधी खोटं बोललेय?"

"नाही. पण चुकलाही नाहीत कधी."

पोरगी म्हणाली, "रंग घालून बघू. तो त्या रेणूलाच चिकटतो, हिरवा चमकतो. खरी डिश कुठली ते कळेल."

"पेशी मरतील. परत मोजता येणार नाही."

"चालेल, सर."

रंग चढायला तास लागतो. मी स्टुलावर बसून होते. माझी बावीस वर्षांची अब्रू गेली तरी बेहत्तर, पण चूक माझीच निघू दे, एवढंच मनात चाललं होतं. पोरगी खिडकीपाशी उभी होती. एकदाही बसली नाही.

मग तिने मायक्रोस्कोपला डोळा लावला. एक डिश बघितली, दुसरी बघितली, परत पहिली.

"काय गं?" मी विचारलं.

"रेणूचं झाकण रेणूच्याच डिशवर आहे, मावशी. तुम्ही बरोबर लावलं होतंत."

मी काहीतरी पुटपुटले, पुन्हा एकदा बघ म्हणाले.

"तीनदा बघितलं. सहा वर्षं खुणा वाचून मोजत होते ना, मला हवं तेच दिसत गेलं." तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही नका रडू. तुमची काहीच चूक नाही."

ते ऐकून तर मला जास्तच भडभडून आलं.