पाळकीणबाईंची प्रार्थना

चाळीस वर्षं पाळकीणबाईंनी प्रार्थनेत एकच शब्द म्हटला होता, आमेन. बाकीचं सगळं नवऱ्याच्या तोंडी. पाळकसाहेब डोळे मिटून सुरू झाले की राजापासून रंकापर्यंत कुणालाही सोडत नसत. बाई मात्र एक डोळा किलकिला ठेवून दूध उतू जातंय का ते बघत.

आता पाळकसाहेबांना अर्धांगवायू होऊन सात महिने झाले होते. वाचा पार गेली होती, पाठीला जखमा पडल्या होत्या आणि कूस बदलताना ते गुरासारखे ओरडत. चर्चच्या मंडळीतले लोक येत, "बाई, आता तुम्हीच प्रार्थना करायला शिका," असा उपदेश पाजून जात. बाई चहाचं निमित्त करून उठत.

त्या सकाळी जखम पुसताना बोळ्याबरोबर कातडी निघून आली. बाईंच्या हातातलं भांडं पडलं आणि त्या फरशीवरच बसल्या. नवऱ्याची भारदस्त वाक्यं आठवून पाहिली, एक धड आठवेना. मग त्या चिडूनच बोलल्या, "देवा, मला नाही येत बोलता. ज्याला येत होतं त्याची तर तू वाचाच नेलीस. आता पुरे कर. ह्यांना घेऊन जा. माझ्याच्यानं बघवत नाही."

बोलून गेल्यावर त्यांना स्वतःचीच भीती वाटली. मान वर करायचा धीर होईना. नेहमीचा शेवटचा शब्दही तोंडातून फुटेना.

तेवढ्यात खाटेवरून, सात महिन्यांत पहिल्यांदाच, वेडावाकडा पण ओळखू येईल असा शब्द आला.

"आमेन."